सरमेच्या लेकराची फिर्याद

‘भीक नको, पण कुत्रा आवर’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकली आहे. तिच्यात माणसे दोन आणि कुत्रा एक. दाराबाहेर झोळी घेऊन उभा असलेला याचक, दाराआड बसलेला गृहस्थ आणि दोघांच्या मध्ये उभा राहून घसा फोडणारा तो. याचकाचे म्हणणे म्हणीत आले. गृहस्थाचे म्हणणे आपण गृहीत धरले. कुत्र्याचे म्हणणे काय होते, हे मात्र विचारावे असे कोणाला वाटले नाही. वास्तविक त्या तिघांत आपले काम चोख बजावत होता तो तोच. त्याला ज्यासाठी पोसले होते तेच तो करीत होता, आणि त्याबद्दलच त्याला आवरा, असा पुकारा चालला होता.

माणसाने कुत्रा जवळ केला तो भुंकतो म्हणून, आणि त्याला काठी घातली तीही भुंकतो म्हणूनच. ह्या दोन वाक्यांत मावणारा हा इतिहास हजारो वर्षांचा आहे. आपल्या इतिहासकथांत हत्ती आहेत, घोडे आहेत, यशवंती घोरपडही आहे. पण भुंकण्याचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. मी संशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते झाले. पोटासाठी भाईंदरात मास्तरकी करतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण रात्री लिहिणाऱ्या माणसाचा आणि रात्री भुंकणाऱ्या प्राण्याचा संबंध टळत नाही. तेव्हा हा विषय मी निवडला, असे म्हणण्यापेक्षा त्यानेच मला निवडले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

प्रारंभ आपल्याच मुलखातून करू. प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली ब्राँझच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला एक रथ. ह्या वस्तूंच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. तथापि पुष्कळ जण त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथात एक पुरुष उभा आहे, पुढे बैलांची जोडी आहे, आणि रथाच्या दांडीवर, धन्याच्या पुढे, एक लहानसा कुत्रा उभा आहे. ज्या कारागिराने ती मूर्ती ओतली त्याला कुत्रा वगळता आला असता. बैलांवाचून रथ चालत नाही, माणसावाचून तो हाकला जात नाही, कुत्र्यावाचून काहीच अडत नाही. तरी त्याने तो ठेवला, आणि मागे नव्हे, पुढे ठेवला. वाटेत काही दिसले तर आधी ओरडून सांगणारा तो, म्हणून त्याची जागा पुढे, असे मला वाटते. हा माझा कादंबरीकाराचा तर्क. पुराणवस्तू-पंडितांनी त्याबद्दल मला क्षमा करावी.

आता भुंकण्याविरुद्धच्या तक्रारीकडे वळू. ह्या तक्रारीचा आपल्याकडील सर्वांत जुना कागद म्हणजे खुद्द ऋग्वेद होय. सातव्या मंडलातील पंचावन्नाव्या सूक्तात एक ऋषी भुंकणाऱ्या कुत्र्याची समजूत घालताना दिसतो. मंडल वसिष्ठांचे, म्हणून हा ऋषी वसिष्ठ अशी परंपरा. कथा अशी सांगतात की भुकेले वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरी गेले, तो राखणीचा कुत्रा दात विचकून अंगावर आला. ऋषी त्याला शाप देत नाहीत, दगड मारीत नाहीत. ते त्याला त्याच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, ‘सारमेय’, म्हणजे देवशुनी सरमेचा पुत्र. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भुंकायचेच तर चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक, आम्ही इंद्राची स्तुती गाणारी माणसे, आमच्यावर कशाला? तू आपला झोप. पुढे तर आई, बाप, कुत्रा, घरधनी, आसपासची सारी माणसे झोपोत, असे एक अंगाईगीतच ते म्हणतात. हे सूक्त पुढे झोपेचा मंत्र म्हणून ओळखले गेले. मंत्राचा गुण आला की नाही ते ठाऊक नाही. पण त्यातील दृष्टी मोठी आहे. ऋषींना भुंकणे बंद करायचे नव्हते. भुंकावे कोणावर आणि कोणावर नाही, एवढाच भेद त्यांना त्या कुत्र्याला समजावून द्यायचा होता.

ह्याच सरमेच्या एका लेकराची फिर्याद महाभारताच्या अगदी आरंभी येते. युधिष्ठिर स्वर्गाच्या वाटेने निघाला तेव्हा कुत्रा शेवटपर्यंत त्याच्यामागून गेला, ही गोष्ट सर्वांना पाठ असते; पण भारताच्या आरंभीही कुत्राच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. जनमेजयाचा यज्ञ चालू होता. तेथे सरमेचे पिल्लू आले. राजाच्या तिघा भावांनी त्याला बदडले. ते रडत आईकडे गेले. आईने प्रथम काय विचारावे? कोणतीही आई विचारील तेच. तू काहीतरी खोडी केली असशील! पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने राजाला एकच प्रश्न केला, की माझ्या निरपराध मुलाला का मारलेत? ह्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. तिने शाप दिला, की तुम्हांला न दिसणाऱ्या दिशेने भय येईल. मग राजा घाबरला आणि शापाचे निवारण करणारा पुरोहित शोधत हिंडला. एवढे मोठे महाकाव्य उघडते ते विनाकारण मार खाल्लेल्या एका पिल्लाच्या रडण्याने. व्यासांना हे सुचले, ह्याचे मला दर वेळी नवल वाटते.

त्याच आदिपर्वात पुढे एकलव्याची कथा आहे. गुरुदक्षिणेत दिलेला अंगठा आपण विसरत नाही. परंतु तो अंगठा गेला कशामुळे? एका भुंकण्यामुळे. पांडव शिकारीला गेले होते. त्यांचा कुत्रा रानात पुढे गेला आणि त्याला मळलेल्या अंगाचा, मृगाजिन पांघरलेला, जटा वाढलेला एक अनोळखी पुरुष दिसला. अनोळखी वेष पाहून कुत्रे आजही भुंकतात. तसा तो भुंकला. एकलव्याने सात बाण जणू एकदम सोडून त्याचे तोंड भरून टाकले. कुत्रा गप्प झाला खरा, पण त्याच भरलेल्या तोंडाने तो पांडवांकडे परत गेला. ते तोंड पाहून अर्जुन थक्क झाला, द्रोणांपर्यंत वार्ता गेली आणि पुढचे सारे घडले. भुंकणारा कुत्रा थोड्या वेळाने भुंकून परत गेला असता, तर एकलव्य कदाचित रानात निवांत राहिला असता. तोंड बंद करण्याची विद्या अचूक होती. तिची किंमत मात्र अंगठ्याएवढी पडली.

ह्याउलट, कुत्रा भुंकलाच नाही तर काय होते, हे हितोपदेशकाराने सांगितले आहे. धोब्याच्या घरात चोर शिरला. कुत्रा जागा होता, पण धनी पोटाला धड घालीत नाही म्हणून तो रुसून बसला. शेजारच्या गाढवाला धन्याची कीव आली आणि ते ओरडले. धोबी उठला आणि त्याने गाढवालाच झोडपले. गाढवाने दुसऱ्याचे काम अंगावर घेऊ नये, असे तात्पर्य आपण शाळेत शिकवतो. मला त्यात आणखीही एक तात्पर्य दिसते. रात्री आवाज करणाऱ्याला, त्याने आवाज का केला हे न पाहता झोडपणे, ही माणसाची जुनी खोड आहे.

महाराष्ट्राच्या कुलदैवताला मात्र भुंकणे वर्ज्य नव्हते. खंडोबाच्या बरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो. त्याचे वाघे पूर्वी स्वतःला देवाचे कुत्रे मानीत. कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्याप्रमाणे खात आणि भुंकत. शिकल्यासवरल्या लोकांना हा प्रकार ओंगळ वाटला. पण त्यामागचा भाव पाहिला तर तो लीन आहे: देवा, मी तुझ्या दारातला राखणदार, माझे भुंकणे हीच माझी सेवा. (रायगडावरील वाघ्याची कथा मी येथे बाजूस ठेवतो, कारण तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही.)

आता येतो मुंबईच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग. तो समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा त्यांचा संस्कार आहे. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथाचा तेरावा भाग तर कुत्र्यासाठीच खर्ची पडला आहे. कुत्र्याला वाईट अन्न घालणाऱ्यास शिक्षा कोणती, येथपर्यंत त्यात विचार आहे. आणि त्यात अशा अर्थाचे एक वचन आहे, की कुत्र्याच्या आवाजाने जो जागा होतो, त्याच्या घरातून चोर किंवा लांडगा न कळत काही नेऊ शकत नाही. ‘जो जागा होतो’ ह्या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कुत्र्याने भुंकणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे, म्हणजे जागे होणे, माणसाचे आहे.

मुंबईत मोकाट कुत्री फार झाली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले, तेव्हा १८१३ साली सरकारने वर्षातील ठरावीक दिवसांत ती मारण्याचा नियम केला. भय खोटे नव्हते. त्या काळी त्या रोगावर जगात कोठेही उपाय नव्हता. पण ह्या कामी दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते, आणि बक्षीस आले की हात सैल सुटतो. १८३२ साली मारण्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. शिपाई रस्त्यावरची कुत्री तर मारीतच, पण लोकांच्या दारांतली, प्रसंगी घरांतलीही ओढून नेत, अशी ओरड होऊ लागली. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात हा प्रकार चालू असताना जमाव खवळला आणि त्याने शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. पारशांबरोबर जैन आणि हिंदूही त्यात सामील झाले. गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडवली गेली. अखेर फौज बोलवावी लागली, धरपकड झाली, खटले चालले आणि शिक्षाही झाल्या.

इंग्रजी अमलातील मुंबईतला हा पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक, आणि तो पेटला कुत्र्यांवरून! पुष्कळांना ह्याचे हसू येते. मला येत नाही. जो मुका जीव आपल्या उंबरठ्यावर राखण करतो, त्याला आठ आण्यांसाठी उंबरठ्यावरून ओढून न्यावे, ह्यात लोकांना स्वतःच्या घराचा अपमान दिसला. जमशेटजी जिजीभाई आदी पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की मारण्याऐवजी ही कुत्री गावाबाहेर नेऊन सोडावीत. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि शेठ मोतीशा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरच्या गर्दीत ती आजही आहे. सरमेने विचारलेल्या प्रश्नाला जनमेजयाच्या मंडपात उत्तर मिळाले नव्हते; मुंबईकरांनी ते उशिरा का होईना, विटा-चुन्यात दिले.

रोगाच्या भयावर उतारा पडला तो १८८५ साली. लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले. पुढे ही लस परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागली. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा झाला. जनावराला फार वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हाही त्यात गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करून लस टोचावी, असे नियम २००१ साली झाले. २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. अशा रीतीने काठी, बक्षीस आणि बाण कायद्याच्या पुस्तकातून गेले. माणसाच्या मनातून ते गेले की नाही, हे पाहण्यासाठी मात्र कोर्टात नव्हे, आपल्या जिन्यात उभे राहावे लागते.

आमचे भाईंदर पूर्वी मिठागरांचे गाव. खाडीकाठच्या पांढऱ्या ढिगांजवळ एखादे खोपट असे आणि खोपटाबाहेर राखणीचा कुत्रा. इकडे उत्तन, चौक, पालीच्या कोळीवाड्यांत वलांड्यांवर बोंबील वाळत आणि त्यांच्या आसपास कुत्री वावरत. ती रात्रभर भुंकली तरी आवाज खाडीवरच्या वाऱ्यात विरून जाई. १९८५ साली येथे नगरपालिका आली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापाच लाखांच्या आत होती, ती दहा वर्षांत आठ लाखांवर गेली. खोपटाच्या जागी सात मजली, मग वीस मजली इमारती आल्या. कुत्रा तोच राहिला. त्याच्याभोवतीचे अंगण गेले. पूर्वी कोसभर पसरणारे भुंकणे आता चार भिंतींत आपटून जिन्यातून खाली उतरते आणि पाळी करून आलेल्या, नुकत्याच पाठ टेकलेल्या माणसाच्या कानात शिरते. त्या माणसाची तक्रारही खोटी नसते. झोप हाही न्यायच आहे.

आमच्याच इमारतीत गेल्या वर्षी असा खटला उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने तीन महिन्यांचे एक गावठी पिल्लू आणले. नाव मोत्या. नवरा-बायको दोघेही लोकलने मुंबईस नोकरीला जाणारी, मुलगा माझ्या वर्गात. दिवसभर मोत्या एकटा, आणि त्याचे भुंकणे साऱ्या इमारतीला. खालच्या मजल्यावर एक आजी आजारी होत्या. सभा भरली. एकाने मुसके बांधा म्हणून सुचवले, दुसऱ्याने गळ्यात विजेचा पट्टा बांधा म्हणून सांगितले, तिसऱ्याने दिवाळीपूर्वी पिल्लू खाडीपलीकडे सोडून यावे, असा ठरावच मांडला. एकलव्य, शिपाई आणि १८३२ चे अर्जदार, तिघेही आमच्या गच्चीवर एकाच वेळी हजर होते! पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे, हे सेक्रेटरींना ठाऊक होते. पण कायद्याने ठराव थांबतो, आजींची झोप परत येत नाही.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळ, आधी मोत्या काय म्हणतो ते लिहून काढ.” हा सल्ला मी हवेतून दिला नव्हता. लांडगा मोठा झाला की फारसा भुंकत नाही. त्याची पिल्ले मात्र भुंकतात. म्हणजे कुत्रा हा मोठेपणीही पोरपण न सोडलेला लांडगा आहे, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. रशियात नोवोसिबिर्स्क येथे द्मित्री बेल्यायेव ह्यांनी १९५९ पासून कोल्ह्यांवर एक प्रयोग चालवला. दर पिढीतील सर्वांत माणसाळलेली पिल्ले तेवढी निवडून त्यांची पैदास करायची. काही पिढ्यांत ते कोल्हे शेपूट हलवू लागले, माणसासाठी कुईकुई करू लागले. ल्युदमिला त्रुत ही त्यांची सहकारी १९७४ साली पुशिंका नावाच्या अशाच एका कोल्हीबरोबर राहत होती. एका रात्री बाहेर अनोळखी पावले वाजली आणि ती कोल्ही राखणीच्या कुत्र्यासारखी भुंकली. तिला कोणी शिकवले नव्हते. माणसाचा लळा लागला आणि त्याच्या पोटी राखणही आली. ज्या वर्षी आपल्याकडे दायमाबादचा चार हजार वर्षांचा कुत्रा सापडला, त्याच वर्षी तिकडे एक कोल्ही कुत्रा होऊ पाहत होती, हा योगायोग मला फार आवडतो.

भुंकण्यात अर्थ असतो, हेही आता सिद्ध झाले आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी धनगरी कुत्र्यांचे निरनिराळ्या प्रसंगींचे भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कुत्रा कधीही न पाळलेल्या माणसांनाही नुसत्या आवाजावरून पुष्कळदा प्रसंग ओळखता आला. परक्याला पाहून निघणारा आवाज खर्जातला, खरखरीत आणि भराभर येणारा. एकटेपणाचा आवाज उंच पट्टीचा, स्वच्छ, मध्ये अंतर ठेवून येणारा. वसिष्ठांनी जे ताडले ते आता यंत्रानेही मान्य केले.

मुलाने आठवडाभर वही ठेवली. सुट्टीचे दिवस होते, शेजारच्या दोन मुलीही कामाला लागल्या. वेळ, आवाज आणि त्याआधी काय घडले, असे तीन रकाने. वही भरली तेव्हा मोत्याची फिर्याद वाचता येऊ लागली. लिफ्टचा दरवाजा आपटला की खर्जातले भराभर भुंकणे, हे भय. आई चप्पल घालून बाहेर पडली की अर्धा तास उंच स्वरात, थांबून थांबून, हे एकटेपण. पोळ्यांचा डबा उघडला की एक तोकडा भुंकार आणि मागोमाग शेपटीची वळवळ, ही मागणी. आणि दुपारी तीनच्या पुढे, कशाला म्हणून नव्हे, नुसतेच, हा कंटाळा. ‘फार भुंकतो’ हा सभेचा एक गुन्हा वहीत चार निरनिराळ्या गोष्टी झाला.

चार गोष्टींवर चार उपाय. मागणीचे भुंकणे सर्वांत सोपे. भुंकल्याबरोबर पोळीचा तुकडा टाकला की पिल्लाला धडा मिळतो, की भुंकले की पोळी. म्हणून भुंकत असता तोंड फिरवायचे, आणि क्षणभर गप्प झाले की लगेच तुकडा द्यायचा. पहिले काही दिवस भुंकणे वाढते. तेथे घरातल्या एकाने जरी माया केली तरी सारे पाण्यात जाते. ओरडून गप्प करण्यात अर्थ नाही, कारण आपणही त्याच्याबरोबर भुंकत आहो, असेच त्याला वाटत असावे. भयावर उपाय सवयीचा. लिफ्ट वाजली की खाऊ. आधी दार बंद ठेवून, मग किलकिले, मग उघडे. स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली दाखवून दिले, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते-ऐकते त्याचे भय त्याला पुढे वाटत नाही. म्हणून निदान आठ आठवडे ते आईजवळ राहावे, आणि पुढच्या आठवड्यांत त्याने टोपीवाले, छत्रीवाले, दाढीवाले, मुले, म्हातारे, सारे जग गोडीने पाहावे. एकलव्यावर भुंकणाऱ्या त्या कुत्र्याने लहानपणी एखादा जटाधारी पाहिला असता तर!

एकटेपणाला घाई चालत नाही. आधी अर्धा मिनिट बाहेर जायचे, ते गप्प असताना परत यायचे. मग दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. जाताना निरोपाचे नाटक नको आणि आल्यावर स्वागताचा सोहळा नको. तोवर दिवसभर कोणीतरी सोबत हवी. कंटाळ्याला उत्तर म्हणजे सकाळचे लांब फिरणे आणि चघळायला काहीतरी. आणि जे पिल्लू एकाएकी, पूर्वी नव्हते तसे भुंकू लागते, त्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे. दुखणे हेही एक सांगणे आहे.

मोत्याच्या दुपारच्या सोबतीचा प्रश्न सुटला तो मात्र कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता अशा रीतीने. खालच्या आजी बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, “दुपारी मीही एकटीच असते. त्याला माझ्याकडे पाठवा, पण पायपुसणे कुरतडायचे नाही.” पायपुसणे पहिल्याच आठवड्यात गेले. आजींनी दुसरे आणले. दीड-दोन महिन्यांनी सभेपुढे तो ठराव पुन्हा आला तेव्हा त्याला अनुमोदक मिळेना. मोत्या आजही भुंकतो. अपरात्री कोणी जिना चढू लागले तर सारी इमारत उठवतो. ती त्याची नोकरी आहे.

दिवाळीत मात्र भल्याभल्या कुत्र्यांचे धैर्य सुटते. माणसाचे कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतात. कुत्र्याचे त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला जो ‘धडाम्’ तो त्याला काय वाटत असेल, ह्याची कल्पना करावी. त्या रात्री त्याला उजेडातच फिरवून आणावे, आतल्या खोलीत पडदे ओढून, रेडिओ लावून बसवावे, साखळीचा आकडा दोनदा तपासावा आणि घरातल्या एकाने तरी त्याच्याजवळ राहावे. नेपाळात तर आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्यांना कुंकवाचा टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात, रस्त्यावरच्यांनासुद्धा.

आपण धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतो. यमाच्या वाटेवर श्याम आणि शबल असे दोन कुत्रे राखण करतात, आणि तेही सरमेचेच मुलगे. त्या दारी एक दिवस प्रत्येकाला जायचे आहे. तेथे ते दोघे आपल्यावर भुंकतील की शेपूट हलवतील, ह्याचा निकाल कदाचित येथेच, आपल्या जिन्याखाली, फटाक्यांना भिऊन अंग चोरून बसलेल्या पिल्लापुढे लागत असेल. तेव्हा यंदा यमाचा दिवा ठेवून आत वळताना, वाचकहो, जिन्याखाली एकदा डोकावून पाहा. आणि एखादे गोणपाट, पाण्याची वाटी आणि शिळी का होईना, एक भाकरी तेथे ठेवा.